माझी स्प्लेंडर, पंधरा वर्षं आणि री-पासिंग

ज्यांच्या दुचाकीची पंधरा वर्षं भरत आली आहेत आणि ‘आता हिचं काय करायचं?’ असा प्रश्न ज्यांना पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढते. माझ्याकडे २००९ ची स्प्लेंडर आहे. टाकीवर अजून ‘हीरो होंडा’ लिहिलेलं आहे. हीरो आणि होंडानं वेगळं व्हायचं २०१० च्या डिसेंबरात ठरवलं, त्यामुळे ते जोडनावही आता जुनं झालं. गाडीच्या नोंदणीची मुदत ११ ऑगस्ट २०२४ ला संपत होती. सगळं काम एजंट न धरता झालं. कागद एकामागून एक कोणत्या क्रमानं लागतात ते कळलं की फारसं अवघड नाही, फक्त तो क्रम सांगणारं कुणी भेटत नाही.

सुरुवात अर्थातच सल्ल्यांनी झाली. ‘पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी उचलून नेतं’ हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप मला तीन नातेवाइकांनी पाठवला. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दलचे ते आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागापुरते होते. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि गाडी ठीक असेल तर पुढच्या पाच वर्षांसाठी नवी करून मिळते. यालाच बोलीभाषेत री-पासिंग किंवा नुसतं पासिंग म्हणतात. अर्जाचा फॉर्म क्रमांक २५. तो मुदत संपायच्या साठ दिवसांच्या आत करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे माझ्यासाठी खिडकी उघडणार होती जूनच्या मध्यावर. मुदत उलटली तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा बसतात, म्हणून रेंगाळण्यात अर्थ नव्हता.

‘नवी घे ना’ हाही सल्ला होताच. पण ही गाडी म्हणजे माझं निम्मं ऑफिस आहे. चित्रांसाठी जागा बघायला जायचं, प्रकाशकाकडे मूळ चित्रं पोचवायची, रस्त्याकडेला गाडी लावून सीटवर वही टेकवून रेखाटायचं, सगळं तिच्यावरच. तिच्यासोबतच्या इतक्या वर्षांत काही गोष्टी अंगवळणी पडल्या आहेत. शाईचा पेन गाडीवर न्यायचा तर पेनाची टाकी एकतर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी, आणि निब वर. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा उन्हानं फुगते आणि शाई टोपणात ढकलते; ज्यांनी पांढऱ्या कुर्त्यावर हा प्रयोग पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. फोन हँडलवरच्या स्टँडला लावायचा नाही. इंजिनाच्या थरथरीनं कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं असं अॅपलनंच २०२१ साली जाहीर केलं होतं, आणि माझं संदर्भासाठीचं सगळं छायाचित्रण फोनवर चालतं. तो जॅकेटच्या आतल्या खिशात. टॅब्लेट पाठीवरच्या सॅकमध्ये, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये.

तर जूनमध्ये पहिला नंबर विम्याचा लावला, कारण तो चालू असल्याशिवाय पुढचं काही सरकत नाही. इतक्या जुन्या गाडीला मी फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा घेते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला त्याचा वर्षाचा दर ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ८४३. घरबसल्या दहा मिनिटांत पॉलिसी हातात आली. ती नीट वाचून बघायची असते हे पुढे कळेल.

मग गॅरेज. गॅरेजवाले काका माझ्या गाडीला पहिल्या वर्षापासून ओळखतात. त्यांनी टॅपेट सेट केले, प्लग साफ केला, एअर फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर जरा लीन केला, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण कमी केलं, आणि म्हणाले, “आता थेट पीयूसीला, धूर तपासायला जा. मधे कुठं चहाला थांबू नकोस, इंजिन गरम पाहिजे.” हा सल्ला सोन्याचा आहे. थंड इंजिनावर धूर जास्त दाखवतो. माझ्या गाडीच्या वयाच्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे, आम्ही तिच्या बऱ्याच आत बसलो. पीयूसीचे ५० रुपये. नव्या गाड्यांना पीयूसी वर्षाची मिळते, जुन्यांना सहा महिन्यांचीच. त्यामुळे तारीख अशी धरा की पासिंगच्या दिवशी ती चालू असेल.

त्याच फेरीत मागचा टायर, ब्रेक शू, डाव्या इंडिकेटरचा बल्ब आणि उजवा आरसा, असे २६०० रुपये गेले. पासिंगला दिवे, हॉर्न, ब्रेक, आरसे, साडीगार्ड हे सगळं बघतात. काकांनी माझ्या साइड पॅनलकडे बोट दाखवलं. त्यावर मी पूर्वी इनॅमल रंगात निबांची एक रांग काढली आहे, पिवळ्यावर तांबडी. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, गाडीचा रंग काळा आहे. रंगात बदल केला तर तो आरसीवर नोंदवावा लागतो. नुसत्या पॅनलवरच्या चित्राला कुणी हरकत घेतली असती का, माहीत नाही, पण साहेबांशी कलाविषयक चर्चा करायची मला हौस नव्हती. काकांकडे एक जुनी काळी पॅनलची जोडी पडली होती, ती लावली. रंगवलेली जोडी आता घरी भिंतीवर आहे आणि तिथं ती जास्त शोभते, हे मान्य करायला हवं.

आता ऑनलाइन अर्ज. परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की तो चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे मागतो. माझं आरसीचं कार्ड इतक्या वर्षांत पाकिटात घासून घासून पुसट झालेलं. शेवटून दुसरा आकडा ३ आहे की ८ ते कळेना. पॉलिसी काढून बघितली, तिच्यावर ८. तो टाकला तर पोर्टल म्हणतं जुळत नाही. ३ टाकला, उघडलं. म्हणजे पॉलिसीवरच चुकीचा आकडा छापून आला होता. हे असंच सोडून चालणार नव्हतं, पासिंगला आरसी, पॉलिसी आणि गाडी अशा तिन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून बघतात. खरा आकडा एकाच ठिकाणी खात्रीनं असतो, लोखंडावर.

फॉर्म २५ सोबत चेसिस आणि इंजिन नंबरचा पेन्सिल छाप जोडावा लागतो. आरटीओच्या बाहेरची मंडळी याचे वेगळे पैसे घेतात आणि काम असं गूढ चेहऱ्यानं करतात, की आपल्याला वाटावं यात काही सिद्धी आहे. चित्रकाराच्या भाषेत हे साधं घर्षणचित्र. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली असेल तर तुम्हालाही येतं.

स्प्लेंडरचा चेसिस नंबर हँडलच्या खाली, जिथं फ्रेमची मान असते तिथं उजव्या बाजूला ठोकलेला आहे. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की दिसतो. इंजिन नंबर खाली क्रँककेसवर. दोन्हीकडे पंधरा वर्षांचं ग्रीस आणि धूळ यांचा थर होता. रॉकेल लावलेल्या जुन्या टूथब्रशनं घासलं, मग कोरड्या फडक्यानं पुसलं. ओलसर राहिलं तर कागद डाग धरतो. पहिल्यांदा ट्रेसिंग पेपर लावून बघितला, तो ताठ असतो, गोल नळीवर बसत नाही. साधा पातळ बटर पेपर बसला. त्याच्या चारी कडा मास्किंग टेपनं घट्ट चिकटवल्या, कारण घासताना कागद केसभर जरी सरकला तरी आकडा दुहेरी येतो. पेन्सिल ४बी. एचबीनं छाप फिकट येतो, ६बी इतकी मऊ की पोकळ्यांमध्येच भरते. शिसं टोकानं नाही, आडवं धरून, एकाच दिशेनं हलकं फिरवायचं. आकडे धातूत खोल ठोकलेले असतात, म्हणून ते पांढरे राहतात आणि भोवतालचा भाग काळा होतो. एकेक अक्षर वर येताना बघायला मला तरी फार मजा आली. ठोकणाऱ्यानं एक ७ किंचित तिरका ठोकलाय, हे पंधरा वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

त्यातून आकडा ३ असल्याचं नक्की झालं. आणखी एक उपयोगाची गोष्ट: चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, १ आणि ० शी गोंधळ होऊ नये म्हणून. त्यामुळे छापात गोल दिसलं तर ते शून्यच. छापावर फिक्सेटिव्हचा एक फवारा मारला. तो नसेल तर वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर फायलीत घासून सगळं राखाडी होतं. बाहेरची मंडळी याच्या उलट करतात: नंबरावर थेट पेन्सिल घासतात, वर चिकटपट्टी दाबतात, उचलतात आणि कागदावर डकवतात. तेही चालतं.

छापाचा फोटो विमा कंपनीला मेल केला, सोबत आरसीची प्रत. दुरुस्ती करून द्यायला त्यांनी आठवडाभर घेतला, पैसे घेतले नाहीत. फोनवर बोलण्यापेक्षा मेल बरा, तक्रार क्रमांक मिळतो आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून कहाणी सांगावी लागत नाही.

पॉलिसी दुरुस्त झाल्यावर अर्ज पुढे सरकला. मोबाइल नंबर गाडीशी जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो. जुना नंबर बंद झाला असेल तर आधी तो बदलून घ्या. कागद टॅब्लेटवर स्कॅन केले. मी एरवी चित्रं मोठ्या रिझोल्यूशनमध्ये स्कॅन करते, इथं उलटं, फाइल जितकी लहान तितकं बरं. करड्या छटेत, कमी रिझोल्यूशनवर, फक्त अक्षरं वाचता येतील इतपत. नूतनीकरणाचं शुल्क १००० रुपये, २०२२ च्या एप्रिलपासून हा दर आहे. त्याआधी हेच काम ३०० रुपयांत व्हायचं. स्मार्ट कार्डाचे २०० आणि वर किरकोळ. सगळ्यात मोठा आकडा पर्यावरण कराचा होता, पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांचे २०००. त्याची पावती वेगळी निघाली. दोन्ही पावत्या छापून ठेवा.

फॉर्म २५ छापला आणि सहीपाशी अडकले. माझी आजची सही म्हणजे चित्राच्या कोपऱ्यातले दोन फटकारे. पॅनकार्डावरची सही कॉलेजातली, पूर्ण नाव, सुवाच्य, शेवटी एक लाजरी वेलांटी. फॉर्मवरची सही ओळखपत्राशी जुळायला हवी. जी बाई रोज रेषा काढून पोट भरते तिला स्वतःची जुनी सही काढता येऊ नये? समोर पॅनकार्ड ठेवून काढली. अगदी हुबेहूब आली आणि कुणीही म्हणेल की खोटी आहे. बघून, सावकाश काढलेली रेषा सगळीकडे सारख्या जाडीची होते, वळणावर थबकते, टोकाला बोथट संपते. खरी सही टोकाला निमुळती होत हवेत सुटते. नक्कल पकडणारे हेच बघत असणार. मग मी नक्कल सोडली. त्या सहीत हात कुठून कुठं जातो एवढंच बघितलं आणि रद्दी कागदावर भरभर सह्या करत सुटले, हाताला आपोआप यायला लागेपर्यंत. फॉर्मवर केली ती काही हुबेहूब नाही, पण ती माझीच आहे हे कळतं.

सही केली साध्या काळ्या बॉलपेननं. शाईच्या पेनाचा मोह आवरा. निब दाबाप्रमाणे फाकतं आणि सहीचं रूपच बदलतं. शिवाय बहुतेक शाया पाण्यात विरघळतात, आणि दिवस पावसाळ्याचे. कागदपत्रांसाठीच्या बॉलपेन शाईचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ १२७५७-२. रिफिलवर ते लिहिलेलं असेल तर ती शाई पाण्याला आणि उजेडाला टिकते.

मधे वारी आली. आषाढी १७ जुलैला होती, आणि मी दरवर्षी दिवेघाटात रेखाटायला जाते, तेव्हा पासिंगची तारीख मुद्दाम एकादशीनंतरची घेतली. घाटात त्या दिवशी गाडी नेता येत नाही, पायथ्याच्या बरीच अलीकडे लावून चालावं लागतं. भुरभुर पाऊस होता. अशा वेळी पिगमेंट शाईचे बारीक पेनच कामाचे, एकदा वाळले की वर पाणी पडलं तरी रेषा जागची हलत नाही. ओल्या कागदावर मात्र तेही उठत नाहीत. वहीच्या निम्म्या पानांवर त्या दिवशी मी शेवटी ४बीच वापरली.

पासिंगच्या दिवशी सकाळी लवकर पोचले. फाटकातच विचारणा झाली, “काय काम आहे ताई? री-पासिंग? अडीच हजार, सरकारी शुल्क वेगळं.” मी म्हटलं, पासिंगच आहे, कागद तयार आहेत. त्यावर ते गृहस्थ अजिबात रागावले नाहीत, उलट कोणत्या खिडकीला आधी जायचं ते त्यांनीच सांगितलं. आधी कागद तपासणी, मग गाडी मैदानात. पावसानं मैदानाचा चिखल झालेला. बूट घाला.

कागदांच्या रांगेत माझ्यापुढे एक काका होते, त्यांचं काम दोन मिनिटांत अडलं. त्यांनी गाडी कर्जावर घेतली होती, कर्ज फिटून दहा-बारा वर्षं झालेली, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलाच नव्हता. आता बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आणा, मग पुढे. त्यांची शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. ते बिचारे तिथंच बाकावर बसले. तुमच्या आरसीवर वित्तपुरवठादाराचं नाव असेल तर हे काम साठ दिवसांची वाट न बघता आजच सुरू करा.

माझे कागद बघताना खिडकीतल्या बाईंनी चेसिसचा छाप उजेडाला धरला. “हा कुठं करून घेतला?”

“मीच केला, मॅडम.”

“स्वच्छ आलाय,” एवढंच म्हणाल्या आणि शिक्का मारला. चित्रांना मिळालेल्या काही अभिप्रायांपेक्षा हा मला जास्त आवडला.

मैदानात थांबणं बरंच झालं. मोटार वाहन निरीक्षक आले, गाडी चालू करायला सांगितली, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक बघितले, हँडल वळवून चेसिस नंबर स्वतः वाचला, मागची पाटी बघितली. रंगाबद्दल काही बोलले नाहीत. माझ्या बाजूच्या गाडीला दोन्ही आरसे नव्हते, तिला परत पाठवलं. एकूण तपासणी पाचेक मिनिटांची, बाकी वेळ रांगेचा. सोबत वही होती, त्यामुळे रांगेत उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांची आणि त्यांच्या मालकांची पाच-सहा पानं भरली. असं मॉडेलिंग दुसरीकडे कुठं मिळणार? सगळे तासभर एकाच पवित्र्यात उभे.

मंजुरीचा मेसेज दोन-तीन दिवसांनी आला. पोर्टलवर नवी मुदत दिसायला लागली, ऑगस्ट २०२९. कार्ड टपालानं यायचं होतं, ते सप्टेंबर उलटत आला तरी येईना. घाबरू नका, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी रस्त्यावर कायदेशीर आहे. पोस्टमनला मात्र आधी सांगून ठेवा. कार्ड स्पीड पोस्टनं येतं आणि घर बंद दिसलं तर परत जाऊ शकतं.

यापुढचा भाग २०२५ चा. राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) सक्तीची झाली. दुचाकीला ४५० आणि जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. मुदत पुढे पुढे जात राहिली आणि लोक निवांत राहिले. इथंही इंजिन आणि चेसिस नंबर लागतात, या वेळी ते माझ्याकडे छापासकट तयार होते. बुकिंग करताना गाड्यांच्या कंपन्यांच्या यादीत ‘हीरो’ आणि ‘हीरो होंडा’ ही वेगळी नावं आहेत, आरसीवर असेल तेच निवडा. तारीख बरीच पुढची मिळाली, बसवायला दहा मिनिटं लागली. जुन्या पाटीवरचे आकडे मी स्वतः ब्रशनं रंगवले होते. नव्या पाटीवर दाबून उठवलेले सरकारी आकडे, कोपऱ्यात अशोकचक्राचं होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला क्रमांक. अक्षरवळण म्हणून बघितलं तर आकड्यांमधलं अंतर मला पटत नाही, पण माझं मत कुणी विचारलेलं नाही.

गॅरेज आणि पाटी सोडून सरकारी शुल्क, कर, विमा, पीयूसी सगळं मिळून चार हजारांच्या थोडं वर गेलं. २०२९ ला गाडी वीस वर्षांची होईल, आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २००० रुपये झालंय. गॅरेजवाले काका म्हणतात इंजिनाला काही झालेलं नाही, फक्त येत्या दिवाळीपर्यंत चेन-स्प्रॉकेट बदलून घे.